अंगुलिमाल : सूड कोणाचा, हात कोणाचा?



कऱ्हाकाठच्या मोरगाव परिसरातील घरांतून वंदनेनंतर मुले विचारतात, "इतकी माणसे मारणाऱ्या अंगुलिमालाला भगवंतांनी संघात का घेतले?" या प्रश्नाचे उत्तर आपल्याला देता आले पाहिजे.

मज्झिम निकायातील ८६ वे सुत्त अंगुलिमालाचे आहे. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात त्याच्या धम्मदीक्षेला स्थान दिले. त्याची पूर्वकथा मात्र अट्ठकथेत येते. त्याचे मूळ नाव अहिंसक. तक्षशिलेत तो हुशार विद्यार्थी होता. मत्सरी सहाध्यायांनी गुरूचे कान भरले आणि गुरूने दक्षिणा म्हणून हजार बोटे मागितली. सूड गुरूचा, हात शिष्याचा! गुरूची आज्ञा म्हणून त्याने विवेक गहाण टाकला. म्हणूनच तथागतांनी कालामांना सांगितले, की केवळ गुरू सांगतो म्हणून काही मानू नका. आजही गावात कोणी तुमच्या तरुणाला भडकवून पुढे करतो आणि स्वतः मागे राहतो. अशा वेळी अहिंसक आठवा.

भगवंत त्याच्यासमोर निर्भयपणे गेले. आपण हिंसेपासून थांबलो आहोत, तूही थांब, एवढेच त्यांनी सांगितले. तो थांबला. पुढे भिक्षेला गेला असता प्रसूतिवेदनेने तळमळणारी स्त्री पाहून त्याचे मन द्रवले. ज्याला माणूस म्हणजे बोट वाटत होते, त्याला आता परक्याचे दुःख कळू लागले. हाच खरा पालट.

पण केलेले कर्म पुसले गेले नाही. लोकांनी मारलेल्या दगडांनी त्याचे डोके फुटले, चीवर फाटले. भगवंतांनी त्याला ते सोसण्यास सांगितले.

"मग अन्याय सोसायचा काय?" असे तुम्ही विचाराल. मुळीच नाही. अंगुलिमालाने स्वतःच्या कर्माचे फळ सोसले. आपल्यावरील अन्याय हे आपले कर्म नव्हे. २० मार्च १९२७ रोजी महाडला आपल्या माणसांवर हल्ला झाला, तेव्हा बाबासाहेबांनी त्यांना हात उगारू दिला नाही. चवदार तळ्याचा हक्क मात्र सोडला नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात तो सिद्ध झाला. सूड माणसाला मारू पाहतो. न्याय अन्यायाला संपवतो.

घरी चर्चा करा : माझा राग माझा आहे, की कोणी पेटवलेला?

नमो बुद्धाय! जय भीम!