पोटदुखी केव्हा सुरू झाली?



आंत्रपुच्छदाहात, म्हणजे अपेंडिक्सच्या सुजेत, गळू कोणाला होते हे ओळखायचे तर ते कसे होते हे ग्रामीण रुग्णालयात रुजू होणाऱ्या माझ्या पुतणीने आधी नीट ध्यानात घ्यावे. वाळून कठीण झालेल्या मळाच्या खड्याने किंवा अन्य कारणाने या नळीचे तोंड बंद झाले की आत स्राव साचतो, दाब वाढून भिंतीचा रक्तपुरवठा खुंटतो, भिंत कुजून फुटते, आणि बाहेर आलेल्या पुवाला शेजारची आतडी व त्यांवर पदरासारखे पसरलेले वपाजाल कोंडून धरतात. हा कोंडलेला पू म्हणजे गळू.

ही सारी क्रिया वेळ घेणारी असल्याने धोक्याच्या कारणांत विलंब सर्वांत वरचा मानावा. इंग्लंडचा सातवा एडवर्ड साठ वर्षांचा आणि स्थूल होता. राज्याभिषेक २६ जून १९०२ रोजी ठरलेला असल्याने दुखणे अंगावर काढण्याकडेच त्याचा कल राहिला, आणि अखेर २४ जूनला शल्यचिकित्सक फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांना गळू फोडून पू काढावा लागला. समारंभ ९ ऑगस्टला झाला. राजवैद्य हाताशी असताना हे घडते, तर दूरच्या पाड्यावरून येणाऱ्या मजुराच्या उशिराबद्दल त्याला दोष देणे अन्यायाचे ठरेल.

मळाचा खडा, उतारवय, मधुमेह आणि स्टेरॉइडसारखी प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे हीही कारणे आहेतच. अपेंडिक्स ओटीपोटात खोल उतरलेले असेल तर जुलाब किंवा लघवीची जळजळ पुढे येते व उपचार भलत्याच रोगावर होतात. गर्भवतीत दुखण्याची जागा कधी वर सरकते. पाच वर्षांखालील मुलाला दुखणे सांगता येत नाही, शिवाय त्याचे वपाजाल तोकडे असल्याने पू कोंडला न जाता पोटभर पसरण्याची भीती अधिक असते.

म्हणून तिने प्रत्येक रुग्णाला दुखणे नेमके केव्हा सुरू झाले, घरी वेदनाशामक गोळी किंवा एरंडेल घेतले काय, हे विचारावे, आणि शंका असल्यास काही तासांनी पोट पुन्हा तपासावे. उजव्या कुशीत खाली गोळा लागला व ताप चढउतार करू लागला तर सोनोग्राफी करवावी. कळ एकाएकी थांबली, पण नाडी जलदच राहिली, तर तो उतार न समजता अपेंडिक्स फुटल्याची शंका धरावी आणि दुखणे सुरू झाल्याची वेळ चिठ्ठीवर लिहून रुग्णाला त्याच रात्री शल्यचिकित्सकाकडे पाठवावे.