भाड्याची खोली आणि शेजारधर्म



जून महिना लागला, की सेनगावसारख्या तालुक्याच्या गावात खोल्यांची विचारपूस सुरू होते. आसपासच्या खेड्यांतली मुले-मुली कॉलेजसाठी येतात. बदली होऊन आलेले शिक्षक, बँकेतले कर्मचारी, आरोग्यसेविका घर शोधू लागतात. बांधकामावर आलेले कुटुंब एखादी पत्र्याची खोली मागते. ज्यांच्या घरात एखादी खोली रिकामी असते, त्यांनाही चार पैशांचा आधार हवा असतो. हिंगोली जिल्ह्याची शेती मुख्यतः पावसाच्या भरवशावर चालते. सोयाबीनचे पीक हातचे गेले, तर त्या वर्षी घरभाडे हेच ठरावीक उत्पन्न उरते. अशा रीतीने दोन गरजा एका छपराखाली एकत्र येतात.

पण एकत्र राहणे सोपे नसते. घरमालक आणि भाडेकरू दोघेही आपली गाऱ्हाणी आमच्याकडे घेऊन येतात. पाणी कोणी किती भरले, विजेचे बिल कसे वाटायचे, पाहुणे किती दिवस राहिले, दार किती वाजता बंद करायचे, अशी ती गाऱ्हाणी असतात. ऐकताना ती क्षुल्लक वाटतात. पण ह्याच गोष्टींवरून अबोला सुरू होतो आणि एखाद्या मुलाला परीक्षेच्या तोंडावर खोली सोडावी लागते. म्हणून आजच्या पाठात आपण ह्या विषयाचा शांतपणे विचार करू या.

१. आपल्या समाजाने परक्याला घर कसे दिले?

पूर्वी महाराष्ट्रात गरीब विद्यार्थी 'वार लावून' जेवत असत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात दिवस सात घरे त्याला जेवू घालत. चाल चांगली होती. पण तिला जातीची कुंपणे होती. ज्याची जात 'आपली', त्यालाच वार मिळे. बाकीच्यांसाठी ना वार, ना ओसरी.

कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज ह्यांनी १९०१ पासून वसतिगृहांना आश्रय दिला आणि निरनिराळ्या समाजांच्या मुलांची शहरात राहण्याची सोय झाली. पुढे १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी साताऱ्यात बोर्डिंग काढले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंगतीला जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नाव देण्यात आले. मुलांच्या जेवणाची अडचण आली, तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनी आपले दागिने मोडले, मंगळसूत्रही विकले. त्या घरात मुलगा कोणाचा हे विचारले जात नव्हते. मुलगा उपाशी आहे का, एवढेच पाहिले जात होते.

आपल्या कॅथलिक समाजातही असाच एक नमुना आहे. गोव्याहून मुंबईला नोकरीसाठी आणि बोटीवर जाण्यासाठी येणाऱ्या लोकांनी धोबीतलाव, माझगाव ह्या भागांत 'कूड' उभारल्या. एकेका गावाची एकेक कूड असे. प्रत्येकाला आपली पेटी ठेवण्यापुरती आणि अंथरूण टाकण्यापुरती जागा मिळे. भाडे अगदी थोडे असे. एका बाजूला वेदी असे आणि संध्याकाळी सगळे मिळून जपमाळेची प्रार्थना करत. कुडीचे नियम कडक होते आणि ते सर्वांना आधीच ठाऊक असत. नियम आणि जिव्हाळा एकत्र नांदू शकतात, हे ह्या कुडींनी दाखवून दिले.

२. तत्त्वज्ञ काय सांगतात?

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल ह्याने मैत्रीचे तीन प्रकार सांगितले आहेत: उपयोगासाठी केलेली, आनंदासाठी केलेली आणि सद्गुणांवर आधारलेली. घरमालक व भाडेकरू ह्यांचे नाते पहिल्या प्रकारात सुरू होते. एकाला पैसे हवेत, दुसऱ्याला निवारा हवा. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

मात्र ॲरिस्टॉटल पुढे एक मार्मिक निरीक्षण नोंदवतो. तक्रारी सर्वांत जास्त ह्याच उपयोगाच्या मैत्रीत होतात. त्यातही, जिथे अटी स्पष्ट बोलून ठरवलेल्या असतात तिथे भांडण लवकर मिटते. जिथे सगळे मनातल्या मनात गृहीत धरलेले असते तिथे ते चिघळते. घरमालकीण म्हणते, "मी ह्या पोराला मुलासारखे वागवले, सणाला पुरणपोळी दिली आणि हा न सांगता खोली सोडून गेला." मुलगा म्हणतो, "मी भाडे वेळेवर देतो, तरी मावशी मला दळण आणायला पाठवतात." दोघेही खोटे बोलत नाहीत. एकाने व्यवहार धरला होता, दुसऱ्याने नाते धरले होते आणि कोणीच एकमेकांना तसे सांगितले नव्हते.

ह्यावरून एक साधा नियम निघतो. जे लिहिता येते ते आधी लिहून घ्यावे, म्हणजे जे लिहिता येत नाही ते मोकळ्या मनाने देता येते. न्याय आधी, मग प्रेम. न्याय चुकवून दाखवलेले प्रेम हे पुष्कळदा दुसऱ्यावर चढवलेले ओझे असते.

३. काय लिहून घ्यावे?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ साली झाला आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आला. तो राज्यातील नेमून दिलेल्या भागांना लागू होतो. पण त्यातले शहाणपण कोणत्याही गावी उपयोगी पडावे असे आहे. ह्या कायद्यानुसार करार लेखी असावा आणि त्याची नोंदणी करावी. ती जबाबदारी घरमालकाची आहे. असा करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. 'अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही' हा समज ह्या कायद्यापुढे टिकत नाही. भाड्याची पावती देणे घरमालकावर बंधनकारक आहे. तसेच भाडेकरूने खोली सोडावी म्हणून त्याचे पाणी किंवा वीज तोडणे हे बेकायदेशीर आहे.

पुष्कळ घरमालकांच्या मनात एक भीती असते: भाडेकरू बारा वर्षे राहिला, की घर त्याचे होते. ही भीती निराधार आहे. बारा वर्षांचा नियम मालकाचा हक्क नाकारून उघडपणे धरलेल्या ताब्याला लागू होतो. भाडेकरू मालकाच्या परवानगीने राहत असतो. म्हणून केवळ वर्षे गेल्याने तो मालक होत नाही. त्याचप्रमाणे, भाडेकरूच्या आधार कार्डावर किंवा मतदार यादीत आपल्या घराचा पत्ता आला म्हणून घर जात नाही. पत्त्याचा पुरावा हा मालकीचा पुरावा नव्हे. ह्या भीतीपोटी आपण एखाद्याला कागदोपत्री बेघर ठेवतो, हे लक्षात घ्यावे.

आता विजेचे पाहू. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात: १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० युनिटपर्यंत त्याहून जास्त, आणि पुढे आणखी जास्त. समजा, मालक आणि भाडेकरू दोघेही महिन्याला ९० युनिट वापरतात. मीटर वेगळे असते, तर दोघेही पहिल्या टप्प्यात राहिले असते. मीटर एकच असल्यामुळे वापर १८० होतो आणि वरच्या ८० युनिटना चढा दर लागतो. भाडेकरूला वाटते मालक लुबाडतो. मालकाला वाटते भाडेकरू उधळपट्टी करतो. खरे कारण मीटरच्या टप्प्यात असते. म्हणून शक्य असेल तर स्वतंत्र मीटर घ्यावे. नसेल तर खोलीला छोटे मीटर बसवून, महिन्याचे बिल समोर ठेवून, युनिटच्या प्रमाणात रक्कम वाटून घ्यावी. बिल दाखवण्याने अर्धी भांडणे मिटतात.

४. भाडेकरूला गावाची ओळख करून द्यावी

नवा माणूस गावात येतो तेव्हा त्याला कोणत्या सोयी कुठे मिळतात हे ठाऊक नसते. ती माहिती देणे हा शेजारधर्माचा पहिला पाठ आहे. काही गोष्टी प्रत्येक घरमालकाला ठाऊक असाव्यात.

रेशन: 'एक देश, एक रेशन कार्ड' ही योजना २०२२ पर्यंत देशभर लागू झाली. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालील लाभार्थी कुटुंब दुसऱ्या गावी राहत असले, तरी तेथील रेशन दुकानातून अंगठ्याच्या ठशावर आपले धान्य घेऊ शकते.

गॅस: पाच किलोचा छोटा सिलिंडर घेताना पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरते. विद्यार्थ्यांची आणि मजुरांची चुलीपुढची अडचण त्याने दूर होते.

शाळा: २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार, जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी शाळेत मुलाचा प्रवेश अडवता येत नाही. मजुराचे मूल दारात खेळताना दिसले, तर त्याला शाळेपर्यंत नेणे हे काम शेजाऱ्याचे आहे.

आरोग्य: भाड्याच्या खोलीत गरोदर बाई किंवा तान्हे मूल असेल, तर अंगणवाडी ताईंना आणि आशा ताईंना आपणहून कळवावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून चालू आहे. तो क्रमांक खोलीच्या भिंतीवर ठळक लिहून ठेवावा.

दाखले: महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. अर्जाची पोच घ्यावी. मुदत टळली तर अपील करता येते. हे भाडेकरूला सांगावे आणि गरज पडल्यास त्याच्याबरोबर कचेरीत जावे.

५. जे लिहिता येत नाही

इथवरचे सारे न्यायाचे झाले. आता त्यापलीकडचे पाहू.

जुन्या करारातील राजांच्या दुसऱ्या ग्रंथात, चौथ्या अध्यायात, शूनेम गावच्या एका बाईची हकिकत आहे. संदेष्टा अलीशा त्या वाटेने वारंवार जात असे. तिने नवऱ्याला सांगून त्याच्यासाठी माडीवर एक लहान खोली बांधली आणि तीत चारच वस्तू ठेवल्या: खाट, मेज, बसायला आसन आणि दिवा. ह्या यादीकडे नीट पाहा. खाट आहे, म्हणजे विश्रांती आहे. मेज आणि आसन आहे, म्हणजे काम करता येते. दिवा आहे, म्हणजे रात्री वाचता येते. माणसाला माणूस म्हणून राहायला काय लागते, ह्याचा त्या बाईने विचार केला होता. आपल्या भाड्याच्या खोलीत ह्या चार गोष्टींची सोय आहे का? खिडकी उघडते का? मुलीला खोली दिली असेल, तर दाराला आतून भक्कम कडी आहे का?

संत पौल स्वतः बिऱ्हाडकरू होता. करिंथ शहरात तो अक्विला आणि प्रिस्किल्ला ह्या जोडप्याच्या घरी राहिला. कारण त्यांचा धंदा एकच होता, तंबू करण्याचा. ते जोडपे स्वतः रोममधून हुसकावले गेलेले होते. ज्यांनी बेघरपण भोगले, त्यांनीच दार उघडले. पुढे रोममध्ये संत पौल दोन वर्षे भाड्याच्या घरात राहिला आणि तेथे सर्वांचे स्वागत करत होता, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या शेवटच्या अध्यायात आपण वाचतो. भाडेकरूही यजमान होऊ शकतो, हे त्यातून शिकण्यासारखे आहे. लॅटिन भाषेत 'होस्पेस' ह्या एकाच शब्दाचे यजमान आणि पाहुणा असे दोन्ही अर्थ होतात. आज आपण देणारे आहोत, उद्या आपली मुले पुण्यात किंवा संभाजीनगरात कोणाच्या तरी दारात खोली मागत उभी असतील.

आपल्याच परिसराचे उदाहरण घ्या. हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. परंपरा सांगते, की आयुष्याची पुष्कळ वर्षे ते पंजाबात, घुमान येथे राहिले. परक्या भाषेच्या लोकांनी त्यांना इतके आपले मानले, की त्यांची पदे श्री गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. ज्या मातीतला माणूस दूरदेशी असा सामावला गेला, त्या मातीने जात, धर्म किंवा आहार विचारून खोली नाकारावी, हे शोभते का?

२०२० सालची टाळेबंदी आठवा. २९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने आदेश काढला, की घरमालकांनी मजुरांकडून एक महिन्याचे भाडे मागू नये आणि मजूर व विद्यार्थी ह्यांना खोलीबाहेर काढू नये. असा आदेश काढावा लागला, कारण लोकांना तसे काढले जात होते. ज्या घरांत भाडेकरू आधीपासून शेजारी झाला होता, त्या घरांना ह्या आदेशाची गरज पडली नाही. संकट आल्यावर नाते जोडता येत नाही. ते पाणी भरताना, बिल वाटताना आणि ताप आला असता पेजेची वाटी देताना आधीच जोडलेले असावे लागते.

६. चिंतनासाठी आणि कृतीसाठी

कुटुंबात किंवा वाडीच्या सभेत पुढील प्रश्नांवर बोलावे:

१) आपल्या गल्लीत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांची नावे आपल्याला ठाऊक आहेत का?

२) खोली देताना आपण कोणते प्रश्न विचारतो? त्यांतला कोणता प्रश्न आपल्या मुलाला विचारलेला आपल्याला आवडणार नाही?

३) भाडेकरूंनी स्वतःला विचारावे: ज्या अंगणात आम्ही राहतो, ते झाडण्याची पाळी आम्ही कधी घेतली का? खोली सोडताना महिनाभर आधी सांगण्याइतका मान आम्ही मालकाला देतो का?

ह्या आठवड्यासाठी एक लहान काम घ्यावे. घरमालकांनी भाड्याची पावती द्यावी आणि विजेचे बिल भाडेकरूबरोबर बसून वाचावे. भाडेकरूंनी घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे एखादे काम, औषध आणण्याचे किंवा पेन्शनच्या कागदाचे, न सांगता करावे. ज्यांच्याकडे ना खोली आहे ना भाडेकरू, त्यांनी गल्लीत नव्याने आलेल्या एका कुटुंबाच्या दारी जाऊन नळाला पाणी कधी येते, एवढे तरी सांगावे.