डोळ्यातून उष्णता निघत नाही

कडा गावच्या ओपीडीत बाजाराच्या दिवशी एक वाक्य हमखास कानावर येतं, "डॉक्टर, उष्णता निघती डोळ्यातून. निघू द्या की!" सांगणारी बहुधा पन्नाशी-साठीतली बाई असते. पदराचं टोक सारखं एकाच डोळ्याकडे जात असतं आणि हे वर्षानुवर्षं चाललेलं असतं. म्हणून आज स्पष्ट सांगतो. डोळ्यातून उष्णता निघत नाही. एकाच डोळ्यातून बारमाही पाणी गळत असेल, तर बहुतेक वेळा ते पाणी वाहून जाण्याची वाट बंद झालेली असते.

डोळ्यात अश्रू दिवसभर तयार होत असतात. पापण्यांच्या नाकाकडच्या टोकाला दोन बारीक छिद्रं असतात. तिथून अश्रू एका छोट्या पिशवीत येतात आणि पिशवीतून हाडातल्या नळीने नाकात उतरतात. चाळिशीनंतर काहींची ही नळी आतून सुजत, आवळत बंद होते. बायकांमध्ये ती मुळातच अरुंद असते, त्यामुळे हा त्रास त्यांनाच जास्त. मोरी तुंबली की पाणी घरात साचतं, तसे अश्रू पिशवीत साचतात, तिथे जंतू वाढतात आणि कोपरा दाबला की चिकट पू वर येतो. आपल्याकडे याला लासरू म्हणतात, कुणी नासूर म्हणतं.

आता थेंबांबद्दल. मेडिकलवरून आणलेल्या थेंबांनी पू चार दिवस कमी होईल, पण बंद नळी उघडणार नाही. त्यातले काही थेंब स्टेरॉइडचे असतात. ते महिनोन्महिने टाकले तर काचबिंदू होऊ शकतो, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. मोबाईलवर बघून एरंडेल, मध, तुरटीचं पाणी डोळ्यात घालणाऱ्यांना मी हात जोडतो. जिभेने डोळ्यातला 'कचरा' काढून देणाऱ्यांकडे तर पाऊलही टाकू नका. त्यांच्या तोंडातले जंतू तुमच्या डोळ्यात जातात, दुसरं काही होत नाही.

"नातवाची नळी मालिश करून उघडली, मग माझी का नाही?" हा प्रश्न मात्र रास्त आहे. तान्ह्या बाळाच्या नळीच्या तोंडाशी पातळ पडदा राहिलेला असतो. बहुतेकांचा तो वर्षभरात आपोआप किंवा मालिशने उघडतो. मोठ्या माणसाची नळी आकसून बंद झालेली असते. तिथे मालिश चालत नाही आणि पुन्हा पुन्हा पिचकारी मारूनही वाट टिकत नाही. पिचकारी ही तपासणी आहे. पाणी घशात उतरतं की परत फिरतं, एवढंच ती सांगते.

आष्टी तालुक्यातली एक ताई माझ्याकडे आली होती. दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर गेली, तेव्हा डोळा गळतच होता. "पट्टा पडल्यावर बघू," म्हणाली, म्हणजे हंगाम संपल्यावर. फडात असताना नाकाच्या बाजूला लालभडक गाठ आली, ताप चढला. तिथे कुणीतरी लेप लावला आणि ब्लेडने गाठ फोडली. ती परतली तेव्हा गालाच्या वर एक छिद्र कायमचं झालं होतं आणि अश्रू तिथून ओघळत होते. तिची शस्त्रक्रिया झाली, ती बरी आहे. पण जी जखम टाळता आली असती, तिचा व्रण चेहऱ्यावर राहिला. उचल फिटेपर्यंत बाईचं दुखणं मागे पडतं, हे मला कळतं. तरीही घरातल्या पुरुषांना सांगतो, निघण्याआधी एकदा दाखवून घ्या.

शस्त्रक्रियेचं नाव डीसीआर. पिशवी आणि नाक यांच्यामधलं पातळ हाड थोडं काढून अश्रूंना नवी वाट करून देतात. 1904 साली टोटी नावाच्या इटालियन सर्जनने ती त्वचेवर छेद घेऊन केली. नाकातून जायचा प्रयत्न कॉल्डवेल यांनी 1893 मध्येच केला होता, पण तेव्हा नाकाच्या आत नीट दिसत नव्हतं. दुर्बीण आली आणि 1989 नंतर ही वाट खरी रुळली. आता नाकातून दुर्बीण घालून काम होतं. चेहऱ्यावर टाका नाही, व्रण नाही. साधारण तासाभराचं काम. जागा बधिर करूनही करता येतं, म्हणून वय झालंय ही सबब फारशी टिकत नाही. दहांपैकी नऊजणांचं पाणी थांबतं. एखाद्याची नवी वाट व्रणाने पुन्हा बुजते, तेव्हा ती परत उघडता येते. बाहेरून छेद घेऊन केलेली शस्त्रक्रियाही तितकीच चांगली आहे. कुणाला कोणती, ते नाक तपासून ठरतं.

मोतीबिंदूच्या शिबिरातून "आधी नासूर काढून या" म्हणून परत पाठवलं, तर डॉक्टरवर रागावू नका. पिशवीतला पू ऑपरेशन झालेल्या डोळ्यात शिरला, तर डोळाच जाऊ शकतो.

प्रत्येक गळणारा डोळा लासरूचाच असतो असंही नाही. वारा, धूळ, आत वळलेली पापणी, एवढंच काय, कोरडा पडलेला डोळाही पाणी गाळतो. म्हणून आधी तपासणी. पण नाकाजवळ लाल, दुखरी सूज आणि ताप, पापणी मिटण्याइतकी सूज, नजर अंधुक होणं, यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गाठ फोडू नका. आधी औषधाने सूज उतरवतात, शस्त्रक्रिया नंतर. अश्रूंत रक्त येत असेल किंवा डोळ्याच्या कोपऱ्याच्या वरच्या बाजूला टणक गाठ असेल, तर अजिबात थांबू नका. क्वचित तो कर्करोग असतो.

शस्त्रक्रियेसाठी जायचं, तर 2022 पासून कड्यातून नगरला रेल्वेही जाते, अंबाजोगाईला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. खर्च सरकारी आरोग्य योजनेत बसतो का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. बीपीच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा, मनाने बंद करू नका. शस्त्रक्रियेनंतर दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. आणि आजींनो, तपकीर त्या दिवसापासून बंद.