चाकामागचे न दिसणारे नट

हिंगोली जिल्ह्यात फोर बाय फोर गाडी ही हौसेपेक्षा गरजेची असते. पावसाळ्यात औंढा नागनाथ, कळमनुरी, सेनगावच्या काळ्या रानातल्या पांदणीत साधी गाडी रुतून बसते आणि हळदीच्या वावरात खत तर वेळेवरच पोचवावं लागतं. म्हणून जुनी जिप्सी किंवा थार घेणारे शेतकरी माझ्या ओळखीत बरेच आहेत. त्यांच्या घरची पोरं मला हमखास विचारतात, ‘चाकं जरा बाहेर काढायला स्पेसर लावावेत का?’ स्पेसर म्हणजे हब आणि रिमच्या मध्ये बसवायची जाड चकती. मी ‘लावू नका’ असं सांगतो, आणि ते अनुभवावरून सांगतो.

मी वापरलेली जिप्सी घेतली, तेव्हा तिला आधीच्या मालकाने बसवलेले ३० मिमीचे स्पेसर होते. चाकं मडगार्डच्या बाहेर आल्याने गाडी रुबाबदार दिसायची. पावसाळाभर ती चिखलात चालली. मग औंढ्याहून हिंगोलीला येताना ताशी ५० च्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागलं. नट तपासले, सगळे घट्ट. बॅलन्सिंग केलं, फरक पडला नाही. शेवटी मिस्त्रींनी पुढचं डावं चाक उतरवलं, तेव्हा दुखणं सापडलं. स्पेसरला हबशी धरून ठेवणारे आतले नट सैल होते, ५ पैकी २ स्टड तुटले होते आणि स्पेसरची भोकं लांबट झाली होती. उरलेले ३ स्टड तुटायला फार वेळ लागला नसता.

असं का होतं, हे समजून घेतलं पाहिजे. चाक नुसतं स्टडवर लटकत नाही. नट आवळले की रिम हबवर दाबली जाते आणि त्या दाबातलं घर्षण भार पेलतं. दाब कमी झाला की रिम बारीक बारीक सरकते, स्टड पुन्हा पुन्हा वाकतो आणि थकून तुटतो. स्पेसर लावला की एका जोडाचे दोन जोड होतात, आणि दुसरा जोड चाकाआड दडतो. तिथे पाना लावायचा तर चाकच उतरवावं लागतं. त्यात आपली काळी माती. बसवताना दोन पृष्ठभागांमध्ये तिचा किंवा गंजाचा पापुद्रा राहिला, तर नट त्या वेळी घट्ट लागतो. पुढे पापुद्रा चुरून जातो आणि दाबही जातो.

चाक बाहेर गेलं की बेअरिंगवरचा ताण वाढतो, दगडावर चाक आदळलं की स्टिअरिंगला जास्त जोराचा हिसका बसतो, आणि मडगार्डबाहेरचा टायर मागच्या दुचाकीवर चिखल-खडे उडवतो. या बदल्यात स्थैर्य वाढतं किती? जिप्सीच्या डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर साधारण १३०० मिमी. दोन्ही बाजूंचे मिळून ६० मिमी वाढले, म्हणजे जेमतेम ५ टक्के. बांधावरून तिरकं उतरताना टपावरचं ओझं खाली घेतलं, तर त्याहून जास्त उपयोग होतो.

स्पेसर लावण्याचं एक कारण मात्र खरं आहे. २०५ च्या जागी २३५ रुंदीचा टायर घातला की तो आतल्या बाजूने १५ मिमी वाढतो आणि पूर्ण वळणावर स्प्रिंगच्या पाट्यांना घासू शकतो. त्यावर पहिला उपाय म्हणजे मूळ मापाचाच, पण खोल नक्षीचा टायर. चिखलात हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवायची आणि डांबरी लागताच पुन्हा भरायची. रुंद टायर हवाच असेल, तर योग्य ऑफसेटची (म्हणजे हबवरची बैठक योग्य तेवढी आत-बाहेर असलेली) रिम घ्या. बेअरिंगवरचा ताण तिनेही वाढतो, पण जोड एकच राहतो आणि सगळे नट डोळ्यांसमोर असतात.

गाडीला स्पेसर आधीच असतील, तर ते काढेपर्यंत एवढं करा. नुसती भोकं पाडलेली चकती असेल, तर नट किती आट्यांवर बसतो ते मोजा. १२ मिमीच्या स्टडला किमान १२ मिमी, म्हणजे सव्वा मिमीच्या आट्यावर सुमारे १० फेरे, हवेतच. नाहीतर ती आजच काढा. स्वतःचे स्टड असलेला स्पेसर हबच्या मधल्या कड्यावर नेमका बसतो का, आणि गाडीचे मूळ स्टड त्याच्याबाहेर डोकावून रिमला टेकत नाहीत ना, हे पाहा. पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासा. एअर गनवर भरवसा न ठेवता टॉर्क पान्याने आवळा. १०० किमीनंतर चाक उतरवून आतले नट तपासा, आणि पावसाळ्यात हे वरचेवर करा.

कायद्याकडेही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. कलम १८२-अ नुसार प्रत्येक बेकायदा बदलामागे ५००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. जर्मनीत स्पेसर चालतात, पण प्रमाणपत्र आणि तपासणीच्या अटीवर. बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या चकतीमागे अशी कोणतीच तपासणी नसते.

मी स्पेसर काढले, स्टड आणि बेअरिंगं नवी घातली. तीच गाडी त्याच पांदणीतून आजही चालते. तुम्ही वापरलेली फोर बाय फोर घेत असाल, तर पैसे देण्याआधी चारही चाकं उतरवून पाहा. चाकांमागे स्पेसर निघाले, तर ते काढून आणि स्टड बदलूनच गाडी रस्त्यावर आणा.