पित्ताशय पोटात, मग खांदा का दुखतो?

प्रश्न : लग्नाचं जेवण करून आल्यावर रात्री बहिणीच्या पोटात उजव्या बाजूला जोराची कळ आली. उजवा खांदाही दुखत होता. पित्त झालं असेल म्हणून तिला थंड दूध दिलं, पण उपयोग झाला नाही. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. म्हणजे पित्तच ना? आणि खांद्याचा काय संबंध?

उत्तर : घोटाळा 'पित्त' या शब्दाने केला आहे. आंबट ढेकर, छातीत जळजळ याला आपण पित्त म्हणतो, पण ते जठरातलं आम्ल. अंगावर उठतं ते पित्त म्हणजे गांधी. पित्ताशयातला पित्तरस वेगळाच. तो यकृतात तयार होतो आणि त्याखालच्या बोटभर पिशवीत साठतो. तिच्यात जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर मावतो, पण पाणी शोषलं गेल्याने तो चांगला दाट होतो. त्यात कोलेस्टेरॉल जास्त झालं, की त्याचे खडे बनतात.

जिलबी-भजी पोटात गेली, की तेला-तुपाच्या पचनासाठी ही पिशवी आकुंचन पावते. नेमका तेव्हा तोंडाशी खडा अडकला, तर ती बंद दारावर जोर लावत राहते. तीच ही कळ. खडा मागे सरकला, की काही वेळाने ती ओसरते. थंड दुधाने दार उघडत नाही. उलट सायीचं दूध म्हणजे पुन्हा स्निग्धच!

आता खांदा. पित्ताशयाजवळच्या श्वासपटलाची आणि खांद्याची संवेदना मानेतल्या त्याच मज्जामुळांतून मेंदूकडे जाते. मेंदूची पत्त्यात गल्लत होते.

टोमॅटोच्या बियांनी हे खडे होत नाहीत आणि भरपूर पाणी पिऊन मुतखड्यासारखे पडतही नाहीत. चाळिशी, गरोदरपण, स्थूलता, झटपट घटवलेलं वजन आणि घराण्यातला वारसा यांनी शक्यता वाढते; पुरुषांपेक्षा स्त्रियांना त्रास अधिक.

त्रास न देणाऱ्या खड्यांना सहसा हात लावत नाहीत. पण कळा वारंवार येऊ लागल्या, तर खड्यांसकट पित्ताशयच काढतात. त्यानंतर पित्तरस यकृतातून थेट आतड्यात उतरतो, पचन चालू राहतं.

मात्र कळ चार-पाच तासांत थांबली नाही, थंडी-ताप आला, डोळे पिवळे दिसले, तर घरगुती उपाय बाजूला ठेवा आणि थेट रुग्णालय गाठा. दुखण्यासोबत दरदरून घाम किंवा धाप असेल, तर क्षणभरही थांबू नका. तो हृदयविकारही असू शकतो.