साचा पीओपीचा, बाप्पा शाडूचा

"यंदा हॉस्टेलचा बाप्पा आपणच करू!" असं मीटिंगमध्ये मी बोलून गेले आणि फसले. मी पडले कॉन्व्हेंटची. शाडू हा शब्दच मला तेव्हा पहिल्यांदा कळला.

पहिली मूर्ती शाडूची केली आणि लवकर वाळावी म्हणून पंख्याखाली ठेवली. सकाळी बाप्पांच्या पोटावर ही मोठी भेग! ओली माती वाळताना आकसते. वाऱ्याने बाहेरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच राहतो, आणि या ओढाताणीत माती फाटते.

चतुर्थीला दहा दिवस उरले. "पीओपी आण, अर्ध्या तासात काम!" सगळ्यांचं एकच मत. तसं ते खरंच आहे. जिप्सम साधारण १५० अंशांवर तापवून त्यातलं बरंचसं पाणी काढलं की प्लास्टर ऑफ पॅरिस होतं. पाणी घातलं की परत जिप्सम, दगडासारखं घट्ट. घट्ट होताना ते आकसत नाही, उलट किंचित फुगतं, म्हणून बारीक नक्षीपण छान उठते.

पण विसर्जनाचं काय? फुटलेल्या मूर्तीचा वाळलेला तुकडा आणि तेवढाच पीओपीचा गोळा दोन बादल्यांत टाकला. संध्याकाळपर्यंत शाडूचा चिखल झाला. पीओपी तिसऱ्या दिवशीपण तसाच. मग हिशोब केला. लिटरभर पाण्यात जिप्सम विरघळतं साधारण २ ग्रॅम. एक किलो पीओपीचं होतं सुमारे १.२ किलो जिप्सम. म्हणजे ६०० लिटर पाणी! नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. विसर्जनानंतर तिच्या घाटावर पडलेले हात आणि सोंडा मी पाहिल्यात.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर उपाय काढलाय. अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात पीओपी मोडतं. तळाशी खडूसारखं कॅल्शियम कार्बोनेट बसतं आणि पाण्यात उरतं अमोनियम सल्फेट, जे खत म्हणून चालतं. पण ही पावडर लागते जवळजवळ मूर्तीच्या वजनाएवढी. विकत आणलेल्या मूर्तीसाठी ठीक आहे. आपणच करणार तर एवढा खटाटोप कशाला?

मार्ग दाखवला पेणच्या मैत्रिणीने. "अगं, पीओपीची मूर्ती नको, साचा कर!" वाळलेलं प्लास्टर पाणी शोषतं. त्यात शाडू दाबला की साचा मातीतलं पाणी ओढून घेतो, माती जराशी आकसते आणि अलगद सुटून येते. मी शाडूचाच नवा नमुना केला, मागून सपाट, आणि त्यावर पीओपी ओतून साचा काढला. साचा नीट वाळल्यावर त्यात कापूस पिंजून मिसळलेला शाडू दाबला. मूर्ती मात्र ओल्या फडक्याखाली, सावलीत, हळूहळू वाळवली. सोंडेवर केसाएवढी एक भेग आलीच. ती ओल्या शाडूने बुजवली. रंग फक्त गेरू आणि हळद.

विसर्जन बादलीतच केलं. दुसऱ्या दिवशी मेसच्या मावशींनी तो गाळ तुळशीला घातला.

मित्रांनो, पीओपी वाईट नाही, आपण ते चुकीच्या जागी वापरतो. मटेरियल निवडताना आपण स्ट्रेंग्थ बघतो, कॉस्ट बघतो. काम झाल्यावर ते जाणार कुठे, हेपण बघायला हवं. साचा माझ्या कपाटावर ठेवलाय. पुढच्या वर्षी ज्युनिअर्सनी जरूर न्यावा. फक्त पंखा लावू नका!