वाडग्याची गादी : घरच्या घरी शिवण्याचा एक पाठ

स्मरणिकेच्या पानांवर शिवणकामाचा पाठ पाहून काही वाचकांना नवल वाटेल. परंतु घरातल्या मशीनवर, जुन्या कपड्यांतून, एका दुपारी होणारे आणि रोज हाताशी लागणारे असे हे काम आहे. म्हणून भगिनींसाठी, आणि सुईदोऱ्याचा संकोच न बाळगणाऱ्या बंधूंसाठीही, आम्ही ते येथे सविस्तर देत आहोत.

गरम वाडगा ज्यात बसतो अशी ही कापडी, खोलगट गादी. चौकोनी कापडाला चारही बाजूंनी टक्स घालून तिला वाटीसारखा खोलगटपणा आणलेला असतो आणि चार कोपरे कानासारखे वर राहतात. ते कान धरून वाडगा उचलायचा. अमेरिकेत गोधडीकाम करणाऱ्या बायकांत हा प्रकार फार लोकप्रिय आहे; तिकडे त्याला ‘बोल कोझी’ म्हणतात. आपल्या घरांत त्याची गरज अधिकच आहे असे आम्हांस वाटते. आपली वाटी स्टीलची, आणि स्टील काचेपेक्षा किंवा चिनीमातीपेक्षा उष्णता फार लवकर हाताकडे पोहोचवते. आजाऱ्याला पेज द्यायची असते, हात थरथरणाऱ्या आजोबांना आमटी द्यायची असते, लहान मूल मांडीवर वाटी घेऊन बसते. अशा वेळी पदराने किंवा ओल्या फडक्याने वाटी धरणे हा भाजण्याचा सोपा मार्ग आहे.

भांड्याखाली कापड ठेवण्याची रीत काही आजची नाही. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भिक्खूंच्या पात्राविषयी बारीकसारीक नियम आहेत. पात्र झिजू नये म्हणून त्याखाली कापड पसरण्याची मुभा, पात्रासाठी पिशवी, ती खांद्याला अडकवण्यासाठी पट्टा, आणि पात्र ओले असताना ठेवून न देता वाळवून ठेवण्याचा नियमही तेथे आहे.

आता कामाकडे वळू. या कामात शिवणीपेक्षा कापडाची निवड महत्त्वाची, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो. वरचे कापड, आतले भरण आणि दोरा ही तिन्ही शंभर टक्के सुती हवीत. पूर्वी आपल्या आज्या वाकळ शिवत तेव्हा हा प्रश्नच नव्हता, कारण लुगडे आणि धोतर सुतीच असे. आज घरातल्या जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात निम्म्याहून अधिक कापड टेरिकॉट, नायलॉन, पॉलिएस्टर असते, आणि ते दिसायला व हाताला इतके सुतासारखे असते की नुसत्या नजरेवर विसंबून चालत नाही. सूत जास्त तापले तर करपते. पॉलिएस्टर मात्र सुमारे २५० अंश सेल्सिअसला वितळते, आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटून बसतो. गॅसच्या शेगडीजवळ वावरणाऱ्या वस्तूत असे कापड असता कामा नये.

म्हणून प्रत्येक कापडाची जळती परीक्षा घ्यावी. कापडाच्या कडेचे चार-सहा धागे काढून चिमट्यात धरावेत, खाली स्टीलची ताटली आणि शेजारी पाण्याचे भांडे ठेवावे, खिडकी उघडी असावी, मुले दूर असावीत. काडी लावल्यावर सूत भरभर जळते, कागद जळाल्याचा वास येतो आणि मागे मऊ राखाडी राख उरते. बोटाने ती विस्कटून जाते. पॉलिएस्टर आधी आकसते, काळा धूर सोडते आणि गार झाल्यावर कडक मणी तयार होतो. राख आणि मणी दोन्ही दिसले तर कापड मिश्र आहे, ते बाजूला टाकावे. केस जळाल्यासारखा वास आला तर ते रेशीम किंवा लोकर. हीच परीक्षा दोऱ्यालाही लावावी, कारण बाजारात मिळणारी बरीचशी रिळे पॉलिएस्टरची असतात. जरीचे काठ कापून वेगळे ठेवावेत. त्यांचे कारण पुढे येईल.

वरून घेण्यासाठी जुनी सुती साडी, चादर, खादी किंवा मांजरपाट चांगले. नवे कापड असेल तर आधी गरम पाण्यात धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. ते नंतर आटले तर गादी वेडीवाकडी होते. भरणासाठी जुना सुती टर्किश टॉवेल सर्वांत सोयीचा. तो नसेल तर मऊ झालेल्या धोतराचे दोन-तीन थर प्रत्येक बाजूला घालावेत. पिंजलेला कापूसही चालतो, पण मग बोटभर अंतरावर धावदोरा घालावा लागेल; नाहीतर पहिल्याच धुण्यात कापसाचे गोळे होतात. गादीचे सारे काम ह्या भरणात अडकलेली हवा करते. हवा उष्णता सहज पुढे जाऊ देत नाही. पाणी मात्र ती हवेच्या वीसपटीहून अधिक वेगाने पुढे नेते, म्हणून ओल्या गादीवर भरवसा ठेवू नये.

साधारण सहा इंच रुंदीच्या वाडग्यासाठी वरच्या कापडाचे दहा इंचांचे दोन चौकोन कापावेत; एक आतल्या बाजूचा, एक बाहेरचा. भरणाचे दोन चौकोन साडेनऊ इंचांचे घ्यावेत, म्हणजे कडेच्या शिवणीत जाडी येत नाही. लहान वाटीसाठी आठ इंच पुरेत. कापडाची उलट बाजू वर करून त्यावर भरण मधोमध ठेवावे, टाचण्या लावाव्यात आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरप्या शिलाया मारून फुली करावी. दुसऱ्या चौकोनाचेही तसेच. मशीनला सोळा नंबरची सुई आणि टाका थोडा लांब ठेवावा. मशीन नसेल तर हाताने धावदोरा घालावा. वाकळीचा टाका ज्यांच्या हाताला आहे त्यांची गादी मशीनच्या गादीपेक्षा सुबक होते, असे आमचे मत आहे.

यानंतर टक्स. हाच भाग सर्वांना अवघड वाटतो, म्हणून सावकाश वाचावा. चौकोन सुलट बाजू आत ठेवून मधोमध दुमडावा. घडीच्या दोन्ही टोकांना खुणा करायच्या आहेत. टोकाशी, कापडाच्या कडेवर, घडीपासून एक इंच अंतरावर खडूची खूण करावी. दुसरी खूण घडीवरच, टोकापासून सव्वादोन इंच खाली. दोन्ही खुणा तिरप्या रेषेने जोडाव्यात आणि त्या रेषेवर कडेकडून घडीकडे शिवत जावे. टोकाला उलटी शिलाई न मारता दोऱ्याची गाठ द्यावी. तेथे उलटी शिलाई मारली की तळाला चुणी उभी राहते. घडीच्या दुसऱ्या टोकाला तसाच टक्स. मग चौकोन उघडून आडव्या बाजूने दुमडावा आणि उरलेले दोन टक्स घालावेत. पसरट वाडग्यासाठी एक इंचाऐवजी अर्धा इंच घ्यावा. पक्की शिलाई मारण्यापूर्वी टाचण्या लावून वाडगा एकदा बसवून पाहावा. चारही टक्स झाले की पाव इंच माया ठेवून जादा कापड छाटावे.

दोन्ही खोलगट तुकडे झाले की सुलट बाजू समोरासमोर येतील असे एक दुसऱ्यात बसवावेत. टक्सवर टक्स आला पाहिजे. मात्र एकाची माया डावीकडे आणि दुसऱ्याची उजवीकडे वळवावी, नाहीतर तेथे गाठ येऊन सुई मोडते. कडेने पाव इंचावर शिवत यावे आणि एका बाजूला तीन इंच जागा मोकळी सोडावी. कोपऱ्यांची टोके छाटून त्या जागेतून गादी उलटावी, कोपरे बोथट काडीने बाहेर काढावेत, मोकळी जागा आत दुमडून सगळ्या कडेने एक शिलाई फिरवावी.

ज्यांच्या घरी मायक्रोवेव्ह ओव्हन आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. अमेरिकेत ही गादी वाडग्यासकट ओव्हनमध्ये ठेवतात. ज्यांना तसे करायचेच असेल त्यांनी काच किंवा चिनीमातीचा भांड्यापुरता, दोन-तीन मिनिटे, ओव्हनसमोर उभे राहून करावे. स्टीलची वाटी आत ठेवू नये. गादी रिकामी किंवा ओलसर असताना आत जाऊ नये. जरीच्या काठात धातूचा धागा असेल तर ठिणग्या उडतात आणि कापड पेट घेऊ शकते. काठ वेगळे ठेवायला सांगितले ते याचसाठी. आमचा कल मात्र गादी बाहेरच ठेवण्याकडे आहे. पदार्थ गरम करावा, जाड कोरड्या फडक्याने वाडगा बाहेर काढावा आणि मग गादीत बसवावा. सुती असली तरी कापड ते कापडच.

बचत गटातर्फे या गाद्या शिवून विकता येतात, आणि एका जुन्या चादरीतून बऱ्याच निघतात. तेथे एक पथ्य पाळावे. कोणा एकीने दिलेले कापड परीक्षा न करता ढिगात मिसळू नये, कारण विकत घेणाऱ्या घराला आत काय भरले आहे ते उघडून पाहता येत नाही. प्रत्येक गादीसोबत चिठ्ठी द्यावी : कापड, भरण व दोरा सुती, धातूची जर नाही, कोरडीच वापरावी, आचेपासून दूर ठेवावी. मायक्रोवेव्हमध्ये निर्धास्त चालते, असे मात्र लिहू नये. किंमत ठरवताना कापड जुने म्हणून फुकट धरले तरी दोरा आणि शिवणारीचा वेळ मोजावाच.

गादी साध्या साबणाने धुऊन कडक उन्हात, मधून उलटी करून वाळवावी. वरून कोरडी वाटली तरी भरण ओले असते, तेव्हा कोपरे दाबून पाहावेत. तेलाने माखलेली गादी आचेजवळ वापरू नये. कुठे तपकिरी डाग पडला किंवा करपल्याचा वास आला तर ती गादी फरशी पुसायला घ्यावी आणि दुसरी शिवावी.